वितीभर जास्त निघालेलं इंजिन

वन्सं,

परवा तुमच्या फोटोपुढं बसून लोकांनी तुम्हाला सोशिक म्हटलं. एकानं तर सोज्वळ म्हटलं. मी पदर तोंडाला लावला. मला रडू आवरेना असं समजून कुणीतरी तांब्याभर पाणी आणून दिलं, आणि ते सगळ्यांदेखत मला पिऊन दाखवावं लागलं. तुम्ही असता तर म्हणाला असता, हसायचं तर उघड हस की पुष्पे, पदर कशाला वला करतीस.

बोलणाऱ्यांपैकी एकालाही तुमचा ट्रक आठवला नाही. आठवणार कसा, त्यातले निम्मे तेव्हा जन्मालाही आले नव्हते. सगळे पांगल्यावर नात हळूच म्हणाली, आजी, आत्याआजींचा खरंच ट्रक होता? म्हटलं, होता म्हणजे? मला तर आधी ट्रक दिसला, मग त्या दिसल्या.

तिला सगळं सांगितलं असतं, पण तिला सांगण्यात मजा नाही. ती मला खोटं पाडणार नाही. तुम्ही पाडलं असतं. म्हणून तुम्हालाच लिहिते.

तुम्ही वैरागहून सोलापूरला शुक्रवार पेठेत माहेरी आलात तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तुमचे मालक गेले होते, मूलबाळ नव्हतं, आणि मागं राहिला होता तो त्यांनी हौसेनं घेतलेला जुना विलायती डिझेल ट्रक. नणंद राहायला येणार म्हणून मी मनाची तयारी केली होती. नणंदेबरोबर ट्रक येईल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गल्लीत तो शिरेना, म्हणून बाहेर लिंबाखाली उभा केला आणि निम्मी पेठ बघायला लोटली. तुम्ही केबिनमधून उतरलात. उंचीनं भावाच्या वर, आणि पंजा असा की भरलेली कळशी नुसती काठाला धरून उचलावी. मी मनात म्हटलं, संपलं आपलं.

त्या वेळची ती पुष्पा आज मला भेटली तर मी तिला दारातूनच परत पाठवीन. मॅट्रिक पास होती ना बाई. शाळेत इंजिनाची आकृती काढून तिला बाण दाखवले होते आणि मास्तरांनी खाली ‘सुंदर’ असा शेरा मारला होता. माझ्या माहेरच्यांनी मला भांडी दिली, गादी दिली, आणि मी बरोबर हा शेरा घेऊन आले. सोलापुरात इंजिनातलं कळणारी मी एकटीच, अशी माझी पक्की समजूत होती. नवऱ्याची सायकल पंक्चर झाली तरी मी दोन शब्द सांगायची.

आणि तुम्हाला खोड काय, तर स्वयंपाकघरात येऊन एकेका भांड्याचं झाकण उचलायचं. बोलायचात काही नाही. नुसतं ‘बरं’ म्हणायचात आणि झाकण ठेवून द्यायचात. त्या ‘बरं’मध्ये मीठ कमी आहे की जास्त आहे, हे मी दिवसभर शोधत बसायची. सासूबाई नाहीत या घरात, म्हणून आईनं मला आनंदानं दिलं होतं. तिला काय माहीत.

ट्रक होता म्हणून बरं. वैरागच्या बाजारातून कांदा, ज्वारी सोलापूरला आणायची आणि जाताना पेंडीची पोती, पत्रे न्यायचे. गाडीवर ड्रायव्हर मल्लप्पा, अक्कलकोटकडचा. निम्मा मराठीत बोलायचा, आणि रागावला की सगळा कानडीत. त्याच्या शेजारी तुम्ही स्वतः बसून जायचात. डोक्यावरून पदर, पायाशी भाकरीचं फडकं. लोक काय म्हणतील ते मल्लप्पाच सांगायचा येऊन, आणि तुम्ही त्यालाच विचारायचात, मग तू काय म्हनलास?

तुमच्या थोरल्या दिरांना हे मुळीच पटत नव्हतं. भावाचा ट्रक भावाच्या दारात उभा पाहिजे, आणि भावाची बायको भावाच्या घरात. एकदा आमच्या ओट्यावर बसून ते हेच घोळून घोळून सांगत होते. बाईमाणूस गाडीत बसेल, पण गाडी पोसायचं तिचं काम नव्हे. तुम्ही उंबऱ्याच्या आतून, तोंड न दाखवता बोललात. तेव्हा मी पीठ मळत होते, हात थांबला माझा.

“दादा, चाक फिरतंय तवर गाडी माजी, आनि मी हितं. चाक थांबलं की सांगा, बोचकं बांदून येते वैरागला.”

ते ‘बरं’ म्हणून उठले. तुमच्या घराण्यात ‘बरं’ म्हणायची पद्धतच दिसते.

आणि त्याच हंगामात चाक थांबलं. चढावर गाडी तापली, वाफ निघाली, आणि मल्लप्पानं घाईनं रस्त्याकडेच्या विहिरीचं गार पाणी तसंच आत ओतलं. तापल्या तव्यावर पाणी मारल्यावर जसा आवाज होतो तसा झाला म्हणे, आणि इंजिनाच्या ओतीव अंगाला चीर गेली. गाडी दुसऱ्या गाडीला बांधून आणली. मल्लप्पा ओट्याखाली उकिडवा बसला आणि ‘तप्पायतु, तप्पायतु’ करत राहिला. चूक झाली, एवढंच. तुम्ही त्याला आधी जेवायला वाढायला सांगितलंत. मला वाटलं, आता तरी रडतील. तर तुम्ही आमटीचं झाकण उचललंत.

पुणे नाक्याकडच्या बाबूमियाँ मिस्त्रींनी चीर बघून मान हलवली. सांधता येईल, पण सांधलेलं वैरागच्या निम्म्या वाटेत उकलेल. विलायती इंजिनाचे सुटे भाग यायचे बंद झालेले. दुसरं इंजिनच बसवायला हवं. तोवर वैरागचा निरोप आलाच. संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेआधी गाडी वैरागच्या बाजारात दिसली तर ठीक, नाहीतर बैलं जोडून ओढत नेतो, आणि वहिनीलाही घेऊन जातो. शब्द तुमचाच होता, त्यामुळं कुणाला काही बोलता येईना.

इंजिनं दोनच मिळण्यासारखी होती. एक मोठं, लिलावात निघालेल्या बसचं. सहा सिलिंडरचं, ताकदीचं, मुंबई-हैदराबादला माल घेऊन जाईल असं. दुसरं लहान, ट्रॅक्टरच्या घराण्यातलं, चार सिलिंडरचं, देशी. गाडी चालेल, पण रमतगमत. लांबचा माल विसरायचा. मात्र त्याचं नोझल म्हणा, गॅस्केट म्हणा, बार्शीत मिळेल, वैरागातही मिळेल.

घरात तुम्ही सोडून सगळे मोठ्याच्या बाजूचे. ह्यांना, म्हणजे तुमच्या धाकट्या भावाला, आपल्या बहिणीची गाडी मुंबईला जाते असं गिरणीत सांगायचं होतं. मल्लप्पाला लांबच्या वाटेचा भत्ता दिसत होता. बाबूमियाँना मोठं काम आवडायचं. आणि माझं म्हणाल तर मी सगळ्यात जोरात बोलत होते. पिस्टन काय, ताकद काय, आकृतीतले सगळे बाण मी त्या आठवड्यात वापरून संपवले. खरं कारण एका ओळीचं होतं. मोठं इंजिन म्हणजे लांबची फेरी, आणि लांबची फेरी म्हणजे चार-चार दिवस माझ्या भांड्यांची झाकणं जागच्या जागी. मुंबईला जाताना तुम्हाला डब्यात काय द्यायचं तेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं. इतकी मी प्रेमळ.

तुम्ही विरोध केला नाहीत. बघू की, एवढंच म्हणालात.

जुन्या इंजिनांच्या व्यापाऱ्याच्या आवारात आपण दोघी गेलो तो दिवस आठवतो? मोठ्या इंजिनाला हिरवा रंग मारून ठेवला होता, आणि मी रंगालाच भुलले. त्यानं इंजिन चालू करून वर भरलेला चहाचा पेला ठेवला. चहा हलला नाही. माझे डोळे भरून आले. तुम्ही मात्र चालू करायच्या आधीच त्याला हात लावून बघितलं होतंत, गार आहे ना म्हणून. आपण यायच्या आत तापवून ठेवलं असेल तर ते आजारी समजायचं. मग तेल घालायचं झाकण काढून तळवा धरलात. आतून धुराचा धक्का येतो का ते बघत होतात. मला म्हणालात, विरी हाय गं ह्याला. ज्वारीच्या जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते, त्या मापानं तुम्ही बसचं इंजिन पास केलंत. इंजिन खरोखर चांगलं होतं. मी आजही त्या व्यापाऱ्याला नाव ठेवणार नाही.

प्रश्न उरला मावेल का एवढाच. ट्रकच्या नाकाडात, म्हणजे पुढच्या बॉनेटखाली, जागा किती, ते मापायचं होतं. शुक्रवार होता, बाबूमियाँ नमाजाला गेलेले, आणि त्यांची टेप पेटीत कुलूपबंद. दुपारनंतर व्यापारी गावाला जाणार होता. तुम्ही म्हणालात, वितीनं मोजू की. मी हितलं इंजिन मोजते, तू मिस्त्रीकडं जाऊन गाडी मोज. तू मॅट्रिक, तुजं माप चुकायचं न्हाय.

वन्सं, मी टांग्यातून गेले. अशी ताठ बसून गेले की टांगेवाल्यानं विचारलं, बाई, पाठ दुखते का? ट्रकचं नाकाड उघडून मी वीत टाकत गेले, मोठ्यानं मोजत, आजूबाजूच्या पोरांना ऐकू जाईल असं. परत येऊन आकडा सांगितला. तुम्ही तुमचा सांगितलात. इंजिन बसून वर वितीएवढी जागा उरत होती. मी म्हटलं, बघा. तुम्ही म्हणालात, बरं.

हातगाड्यावरून इंजिन आलं. मोडलेलं आधीच काढून ठेवलं होतं. साखळीनं नवं वर उचललं, हळूहळू खाली सोडलं, आणि ते मधेच अडकलं. मागं गिअरबॉक्स, पुढं पाण्याची टाकी, आणि मधे हिरवं इंजिन लोंबकळतंय. बाबूमियाँनी टेप लावली आणि डोक्यावरची टोपी काढली.

“आक्का, ये नै बैठता. बालिश्तभर ज्यादा है.”

वितीभर जास्त. माझी बोटं आखूड, तुमची ढांगेएवढी. मी माझ्या विटुकल्या वितीनं गाडी मोजली होती, म्हणून जागा भरपूर निघाली, आणि तुम्ही तुमच्या वितीनं इंजिन मोजलं होतंत, म्हणून ते आटोपशीर निघालं. हे मला समजायला किती वेळ लागला ते सांगत नाही. नात वाचेल. एवढंच सांगते की आधी मी बाबूमियाँच्या टेपेवर संशय घेतला.

मग मी माघार घेईन? नाव नको. म्हटलं, गाडी कापा. पुढची आडवी लोखंडी पट्टी कापा, टाकी पुढं सरकवा, नाकाड वाढवा. हे म्हणाले, हो, कापा. मल्लप्पा म्हणाला कापा. बाबूमियाँ म्हणाले, होईल, पण जत्रा उलटेल. मी म्हटलं, वैरागला आणखी महिनाभर थांबा म्हणून सांगू. माझ्या तोंडातून हे निघालं आणि तुम्ही वळलात. आवाज चढवला नाहीत. मला मात्र तेव्हापासून कुणी हळू बोललं की भीती वाटते.

“गाडी कापायची न्हाय. सकाळी जाऊन सांजच्याला घरला येती, एवढीच गाडी पायजे मला. हिरवं परत धाडा, बारकं आना.”

हे म्हणाले, अगं आक्का, मग मुंबई?

“ज्याला घर न्हाय त्यो जाईल मुंबईला.”

आता खरं सांगायचं तर एखाद्या शहाण्या भावजयीचा गळा इथं दाटून आला असता. ही बाई आपल्या घराला घर म्हणतेय, त्यासाठी ताकदीचं इंजिन सोडतेय. माझा गळा दाटला, पण रोज संध्याकाळी घरला या शब्दांनी. घरी परतताना टांग्यात मी मनात रोजच्या झाकणांचा हिशोब करत होते.

लहान इंजिन आलं. त्याला गिअरबॉक्सशी जोडायला लेथवर एक जाड तबकडी कातून घेतली आणि जत्रेच्या आधी गाडी उभी राहिली. नाकाड उघडलं की आत एवढी मोकळी जागा दिसायची की मल्लप्पा त्यात भाकरीचा डबा गरम ठेवायचा. पहिल्या फेरीला तुम्ही मलाही बरोबर घेतलंत. का, ते मला कळलं नाही. चढावर एक सायकलवाला आपल्याला मागं टाकून गेला, वर मागं वळून हसला. मी म्हटलं, वन्सं, उतरून ढकलू का? तुम्ही म्हणालात, उतर, पर ढकलू नगंस, तुजं माप चुकतंय.

वैरागच्या बाजारात थोरले दीर उभेच होते. गाडीभोवती फिरले, नाकाड उघडायला लावलं, आणि त्या मोकळ्या जागेत डोकावून हसले. म्हणाले, म्हशीच्या गोठ्यात शेळी बांधलीस व्हय.

तुम्ही डोक्यावरचा पदर सारखा केलात. “व्हय दादा, शेळीच हाय. पर दूध माज्याच घरात पडतंय. तुमचा कांदा घालायचा आसंल तर घाला, दिवस मावळायच्या आत सोलापूर गाठायचंय.”

मी त्या माणसाच्या तोंडाकडं बघत होते. आता हा बोचकं बांधायला सांगणार, असं वाटत होतं. त्यांनी हमालाला हाक मारली. त्यांच्याच कांद्याच्या गोण्या आपल्या गाडीत चढल्या. परतीच्या वाटेत कांद्याचा वास सगळ्या केबिनभर पसरला होता आणि मी नाक न दाबता बसले होते. सोलापूरचे दिवे दिसले तेव्हा तुम्ही म्हणालात, आज आमटी मी करते.

मग वर्षानुवर्षं ती गाडी सकाळी जायची आणि दिवेलागणीला यायची. आवाज कोपऱ्यावर आला की मी आधण ठेवायची. केव्हापासून ठेवायला लागले ते कळलंच नाही. माझी दोन्ही बाळंतपणं तुम्ही केलीत. धाकट्याच्या वेळी मी तापानं फणफणले तेव्हा पहाटे डॉक्टरांना आणायला टांगा मिळेना, तर तुम्ही मल्लप्पाला उठवून ट्रक पाठवलात. मुंबईला असता तर? हा विचार मी तुम्हाला कधी बोलून दाखवला नाही. बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, बरं.

पण वन्सं, आपलं एक भांडण राहिलंच. तुम्हाला ते माप चुकणार हे ठाऊक होतं. मी शेवटपर्यंत म्हणत राहिले, तुम्ही शेवटपर्यंत हसण्यावारी नेलंत. माझं म्हणणं साधं आहे. आपल्याकडं फुलांची माळ हातावर मोजून विकतात. माझ्यासाठी माळ घेताना तुम्ही फुलवालीला काय म्हणायचात? तुज्या हातानं नगं, माज्या हातानं मोज. हात लांब म्हणून माळ लांब. ज्या बाईला फुलं घेताना हाताहातातला फरक कळतो, तिला इंजिन घेताना कळत नाही? आणि बसलं नाही तर परत घ्यायचं, असं त्या व्यापाऱ्याकडून आधीच कबूल करून घेतलं होतंत. बसणारच होतं तर ते कशाला? सगळं घर मोठ्याच्या बाजूला होतं, भावाचं मन मोडायचं नव्हतं, आणि घरात एक शहाणी मॅट्रिक पास होतीच. तिला गाडी मोजायला पाठवलंत.

मागच्या महिन्यात तुम्ही अंथरुणाला टेकलात तेव्हा मी पुन्हा विचारलं. म्हटलं, आता तरी कबूल करा. तुम्ही हात पुढं केलात, मी माझा त्याला लावला. तुमचा पंजा सुकून माझ्याएवढाच झाला होता. तुम्ही दोन्हीकडं बघून म्हणालात, आता मोज. एवढंच. याला मी कबुली समजते. उलट बोलायला तुम्ही नाही, तेव्हा निकाल माझ्या बाजूनं लागला.

एक बातमी सांगायची राहिली. तेराव्यानंतर वैरागहून तुमच्या थोरल्या दिरांचा नातू आला होता. चांगला आहे पोरगा, नम्र. म्हणाला, काकीआजींचा फोटो आम्ही वैरागला नेतो, वर्षश्राद्धही तिकडंच करू, शेवटी त्यांचं घर ते. त्यानं पिशवीसुद्धा आणली होती. वन्सं, त्या तरण्या पुष्पानं देवाजवळ मागितलं असतं ते आज आपण होऊन दारात आलं होतं, तुम्ही लांब आणि स्वयंपाकघर माझं एकटीचं. मी त्याला चहा दिला, पोहे दिले, आणि पिशवी घडी करून त्याच्या हातात ठेवली.

म्हटलं, बाळा, वर्षश्राद्धाला तुम्ही सगळे इकडं या. त्यांचं घर हे आहे.